सॅक्रामेंटोचा महोत्सव आणि जुनं जॅझ

मे महिन्याचा शेवट आला की कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराचा नदीकाठचा जुना भाग कॉर्नेट, क्लॅरिनेट आणि ट्रॉम्बोनने दणाणून जायचा. तिथल्या पारंपरिक जॅझप्रेमींच्या संस्थेने १९७४ साली हा महोत्सव सुरू केला. ऐन भरात असताना देशोदेशींचे बँड तिथे हजेरी लावत, आणि एवढा पसारा बव्हंशी स्वयंसेवक सांभाळत. २०१७ नंतर तो भरला नाही. खर्च वाढला, श्रोते घटले, हे खरंच आहे. पण तेवढं सांगून थांबलं तर या कलेचं नेमकं कुठे बिघडलं ते कळत नाही.

हे संगीत चालतं कसं, ते आधी पाहायला हवं. कॉर्नेट मूळ चाल सांभाळतो. क्लॅरिनेट तिच्यावरून धावत राहतो, आणि ट्रॉम्बोन खालून सूर ओढत दोघांमधल्या मोकळ्या जागा भरतो. तिघेही एकाच वेळी, ऐनवेळी सुचेल ते वाजवतात. एकाने दुसऱ्यासाठी जागा सोडली नाही की नुसता गलका होतो. वाजवताना दुसऱ्याचं ऐकण्याची ही सवय म्हणजे या शैलीचा प्राण. एकामागून एक सोलो लावणं त्यामानाने सोपं, आणि तयारी कमी असलेले बँड नेमके तिकडेच वळतात.

सॅक्रामेंटोचा वारसा थेट जॅझच्या जन्मभूमीचा, म्हणजे न्यू ऑर्लीन्सचा, नाही. १९४० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत ल्यू वॉटर्सच्या बँडने जुन्या जॅझचं जे पुनरुज्जीवन केलं, त्याच्याशी त्याचं नातं जवळचं. या मंडळींनी किंग ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ सालच्या रेकॉर्ड ऐकून ऐकून आपलं वादन उभं केलं. ऑलिव्हरच्या त्या बँडमध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवत होता. पण त्या रेकॉर्ड मायक्रोफोनच्या आधीच्या. वादक भोंग्यासमोर बसत, आणि मोठा ड्रम घुमला की ध्वनिमुद्रणाची सुई उडे. म्हणून बेबी डॉड्ससारख्या थोर तालवादकाला लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. एरवी डबल बास वाजवणारा बिल जॉन्सन तिथे बँजो घेऊन बसला. पुढच्या कित्येक बँडनी मात्र ती टकटक आणि बँजोचा तो खणखणाट हाच अस्सल बाज मानून गिरवला. यंत्राला जे जमलं नाही, तेही परंपरा म्हणून पुढे आलं. वॉटर्स स्वतः ताकदीचा वादक होता, त्याने नव्या रचनाही केल्या. गिरवणाऱ्यांत ते धाडस अभावानेच दिसलं.

रेकॉर्डवरून शिकण्यात दोष नाही. गोव्याचा चिक चॉकलेट मुंबईत आर्मस्ट्राँगच्या धाटणीने ट्रम्पेट वाजवायचा. तोच बाज त्याने सी. रामचंद्रांसोबत ‘अलबेला’च्या (१९५१) संगीतात आणला आणि त्यातून वेगळंच काही घडलं. पारंपरिक जॅझच्या महोत्सवांत मात्र ठरावीक रचनांचा साचा घट्ट होत गेला. न्यू ऑर्लीन्सच्या प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये फर्माइशींच्या दरांची पाटी असे आणि त्यावर सर्वांत महाग ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’, म्हणजे ‘सेंट्स’, असे. वादक त्या एका गाण्याला किती कंटाळले होते, ते त्या पाटीवरून कळतं.

सॅक्रामेंटोच्या आयोजकांनी उपाय केला तो नाव बदलण्याचा. नावातलं ‘डिक्सिलँड’ (पारंपरिक जॅझचंच दुसरं नाव) गेलं, पुढे ‘जॅझ’ही गेलं, नुसता ‘संगीत महोत्सव’ उरला. ब्लूज, झायडेको, रॉक आले. मला हा उपाय मुळातच चुकीचा वाटतो. जुना श्रोता दुरावला आणि नव्याला तिथेच येण्याचं खास कारण मिळालं नाही. याच संस्थेचं तरुण वादकांसाठीचं उन्हाळी शिबिर ही खरी दिशा होती.

तरुण वादक घडवण्याचं नेमकं तेच काम न्यू ऑर्लीन्समध्ये झालं. १९७० च्या सुमारास बँजोवादक डॅनी बार्करने फेअरव्ह्यू बाप्टिस्ट चर्चच्या आधाराने पोरांचा ब्रास बँड उभा केला. त्यातल्याच लिरॉय जोन्स या मुलाच्या घरच्या गॅरेजमध्ये तालीम चाले. त्या मुलांना वाजवायला मंचाची वाट पाहावी लागली नाही. अंत्ययात्रा आणि मंडळांच्या मिरवणुका होत्याच. मायकल व्हाइटसारखा क्लॅरिनेटवादक त्याच बँडमधून पुढे आला. १९७७ मध्ये निघालेल्या डर्टी डझन ब्रास बँडचं मूळही तिथेच. त्यांनी मिरवणुकीच्या ठेक्यावर आधुनिक जॅझमधलं बीबॉप चढवलं तेव्हा शुद्धतावादी नाराज झाले. पण डर्टी डझनमुळेच शहरातली पुढची पोरं ट्रॉम्बोन हातात घेऊ लागली.

आज हे संगीत ऐकायचं तर मी टुबा स्किनीचं नाव घेईन. २००९ पासून हा बँड न्यू ऑर्लीन्सच्या रस्त्यावर वाजवत आला आहे. त्यांनी १९२०-३० च्या दशकांतल्या विस्मृतीत गेलेल्या रचना शोधून काढल्या आणि ‘सेंट्स’च्या वाटेला फारसे गेलेच नाहीत. त्यांची कॉर्नेटवादक शे कोन सोलोंची आतषबाजी करत नाही. म्यूट लावून चाल पुढे नेते, आणि क्लॅरिनेट-ट्रॉम्बोनला भरपूर जागा सोडते. वॉशबोर्डच्या ठेक्यावर फुटपाथवर नाचणाऱ्यांत विशी-तिशीतली मंडळीही असतात.