शिरेतून दिलेली भूल आणि आपली अपुरी आकृती

वेदना कशी थांबते हे शिकवताना फळ्यावर एक ठरलेली आकृती काढली जाते. बोटाला काटा टोचला, चेतातंतूतून संदेश निघाला, मज्जारज्जूतून मेंदूत पोचला. मग वाटेवर एक फुली मारायची आणि सांगायचे, 'भुलेच्या इंजेक्शनाने वाट बंद होते.' आम्हीही ही आकृती अनेकदा काढली आहे. शहाद्याच्या एका शिबिरात मात्र धडगावकडच्या एका गुरुजींनी विचारले, "हेच औषध शिरेतून दिले, तर सगळे अंग बधिर होईल का?" आकृतीजवळ उत्तर नव्हते.

प्रश्न वर्गातून आला होता. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल आढळतो. विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, पाठ, पोट असह्य दुखते. इथे फुली मारायची कुठे?

आमचा आक्षेप असा, की या आकृतीत प्रमाण आणि वेळ नाहीत. थोडे गणित करू. लिग्नोकेन शिरेतून देताना किलोमागे सुमारे दीड मिलिग्रॅम देतात. 60 किलोच्या माणसाला 90 मिलिग्रॅम. ते 5 लिटर रक्तातच राहिले, तर दर मिलिलिटरला 18 मायक्रोग्रॅम होईल. विषारी परिणाम तर 5 च्या आसपास सुरू होतात! म्हणून औषध सावकाश देतात. काही भाग फुप्फुसे धरून ठेवतात, मग मेंदू, हृदय, यकृत आणि पुढे स्नायू व चरबी ते शोषतात. रक्तात उरतात एकदोन मायक्रोग्रॅम. यकृत त्याचे विघटन करते आणि दीड-दोन तासांत प्रमाण निम्मे होते.

दाताजवळ टोचलेल्या 2 टक्के द्रावणात मात्र दर मिलिलिटरला 20,000 मायक्रोग्रॅम असतात. म्हणून तिथे बधिरता येते, शिरेतून येत नाही. 1908 साली ऑगस्ट बीर यांनी हाताला पट्टा आवळून शिरेत भूल दिली. औषध तिथेच कोंडले गेले आणि हात बधिर झाला. पट्टा नसेल, तर तीच शीर वेगळे काम करते.

मग वेदना कमी का होते? इजा झालेले चेतातंतू पुन्हापुन्हा संदेश सोडतात. त्यांच्या पटलातील सोडियमची दारे वारंवार उघडतात आणि लिग्नोकेन उघड्या दारांना अधिक चिकटते. नेहमीचे संदेश चालू राहतात, अतिउत्तेजित तंतू शांत होतात. स्पष्टीकरणाचा हा महत्त्वाचा भाग आहे, सगळे स्पष्टीकरण नव्हे.

पण उत्साहाला आवर हवा. शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील 68 चाचण्यांचा 2018 चा आढावाही निश्चित निष्कर्ष देऊ शकला नाही. सिकलसेलमधील अनुभव तर मोजक्या रुग्णांचा आहे, आणि त्या आजारात यकृतही बिघडू शकते. ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, पुढे झटके आणि हृदयाची लय बिघडणे, हे धोके लक्षात घेता हा उपचार हृदयावर सतत लक्ष ठेवणाऱ्या रुग्णालयातच करायचा.

आकृती पुसू नका. शेजारी 20,000 आणि 2 हे आकडे लिहा. आणि वर्गातले मूल हातपाय दुखतात म्हणून खाली बसले, तर जखम शोधू नका. जखम दिसत नाही म्हणून दुखण्याला सोंग म्हणतो, तेव्हा तीच अपुरी आकृती आपल्या डोक्यात असते. त्याला पाणी द्या, ऊब द्या आणि आरोग्यकेंद्रात न्या.