नवा ग्रह कीं बंद यान?

दूरदर्शनने १९८० नंतरच्या दशकांत आपल्या घरांत आणिलेल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकेंत कथेच्या दोन जाति दिसतात : ग्रहावर उतरणारी व यानांतच घडणारी. ‘अरीना’ (१९६७) या भागांत कर्णधार कर्क ओसाड ग्रहावर सरड्यासारख्या शत्रूशीं झुंजतो; गंधक, कोळसा व सोरा जमवून तोफ करितो, आणि जिंकल्यावर शत्रूस जीवदान देतो. हें औदार्य खरें. परंतु त्या शत्रूसह पुढें नांदावयाचें नसतें. ‘बॅलन्स ऑफ टेरर’मध्यें (१९६६) तशी सोय नाहीं. शत्रूचा चेहरा स्पॉकसारखा दिसतांच एक अधिकारी या सहकाऱ्यासच फितूर मानूं लागतो. अखेर स्पॉकच त्याचा जीव वांचवितो. संशयितापासून दूर जावयास येथें दुसरी भूमि नाहीं.

आपल्या ‘कॅप्टन व्योम’नें (१९९८) फरारी गुन्हेगारांच्या पाठलागाची वाट धरिली, तींत कुतूहल पुष्कळ भागतें, व तेंहि तुच्छ नव्हे. तथापि मनुष्याची पारख बंद यानांतच अधिक होते, असें आम्हांस वाटतें. नागपुरांतील नंदनवनासारख्या वस्तींत भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या वाचकांस तें निराळें पटवावयास नको.