‘नामा म्हणे’ — कोणता नामा?

एका विद्यार्थ्यानें उत्तरपत्रिकेंत ‘संत नामदेवांनीं ओवीबद्ध महाभारत रचलें’ असें लिहिलें, आणि आम्हीं त्याचे गुण कापले. ते कापणें नियमास धरून होतें. पण मन स्वस्थ राहिलें नाहीं. महाभारतकार विष्णुदास नामा हा एकनाथांच्या काळचा, आणि ज्ञानदेवांचे सांगाती नामदेव (इ. स. १२७०–१३५०) त्याच्या फार पूर्वींचे, हें खरें. परंतु दोघांची मुद्रा एकच! ‘विष्णुदास’ या शब्दानेंहि निवाडा होत नाहीं. विष्णूचा दास कोणता वारकरी नव्हे? ‘विष्णुदास नामा’ अशी मुद्रा खुद्द नामदेवांच्या गाथेंतील अभंगांतहि आढळते. जनाबाईनें तर स्वतःस ‘नामयाची दासी’ म्हणवून हेंच नांव आपल्या मुद्रेंत गोंवलें. शीखांच्या आदिग्रंथांत (इ. स. १६०४) याच नांवाचीं ६१ पदें आहेत, तीं हिंदी वळणाचीं असल्यामुळें तो नामदेव निराळा, असेंहि कोणी म्हणतात.

संशोधकांनीं यावर एक सोपी चाळणी काढली आहे. अभंग सरस व उत्कट असला कीं तो नामदेवांचा. रुक्ष, पाल्हाळिक असला कीं विष्णुदास नाम्याचा, नाहीं तर ‘मागाहूनच्या कोणाचा’. ही रीति आम्हांस मुळींच मान्य नाहीं. आधीं चांगल्या अभंगांवरून नामदेवांची मूर्ति घडवावयाची, आणि मग तिच्या हातांत तराजू देऊन अभंग तोलावयाचे, हा कोठला न्याय? नित्य कीर्तनास उभा राहणारा कवि कधीं नीरस लिहीतच नसेल काय? शिवाय या व्यवहारांत बिचाऱ्या विष्णुदासाच्या वांट्यास केवळ कोंडा येतो. ज्यानें अवघें भारत मराठी ओवींत आणण्याची उमेद धरली, त्याच्याजवळ एकहि सुरेख अभंग नसावा, हें पटत नाहीं.

भाषेची कसोटी अधिक बरी, पण तीहि पुरी पडत नाहीं. ज्ञानेश्वरींत अपपाठ शिरले तेव्हां ती शुद्ध करावयास शके १५०६ मध्यें एकनाथ मिळाले. अभंगांस असा कोणी मिळाला नाहीं. ते गळ्यागळ्यांतून गाइले गेले आणि प्रत्येक पिढीनें आपल्या बोलीप्रमाणें त्यांचीं रूपें फिरविलीं.

हा वाद केवळ पंडितांचा असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. परंतु ज्ञानदेवांच्या समाधीचे अभंग याच मुद्रेचे आहेत. शके १२१८ च्या कार्तिकांत आळंदीस काय घडलें, निवृत्तिनाथांचा बांध कसा फुटला, हें आपण त्यांवरूनच जाणतों. ते पाहणाऱ्याचे असतील तर ती साक्ष होय. नंतरच्या कोणाचे असतील तर तें भक्तांचें स्मरण होय. वाचतांना डोळ्यांस पाणी दोन्हीं वेळां येईल. इतिहास लिहितांना मात्र दोहोंस एक किंमत देतां येणार नाहीं.

म्हणून गाथेच्या संपादकांनीं निवाड्याची घाई न करितां प्रत्येक अभंगाखालीं एवढेंच छापावें: हा कोणत्या बाडांत मिळाला, तें बाड किती जुनें, आणि दुसऱ्या बाडांत हाच अभंग कोणत्या मुद्रेनें येतो.