भागधारकाचा परतावा आणि ठेवीदाराचे स्थान : भारतीय स्टेट बँकेच्या वार्षिक अहवालाचे तेरच्या संदर्भात चिकित्सक वाचन

भारतीय स्टेट बँकेने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ७०,९०१ कोटी रुपयांचा निव्वळ नफा मिळविला आणि एक रुपया दर्शनी मूल्याच्या प्रत्येक समभागावर १५ रुपये ९० पैसे लाभांश जाहीर केला. त्याआधीच्या वर्षी नफा ६१,०७७ कोटी रुपये आणि लाभांश १३ रुपये ७० पैसे होता. मार्च २०२५ अखेर बँकेच्या ठेवी ५३.८२ लाख कोटी रुपयांवर पोहोचल्या, ढोबळ अनुत्पादित कर्जांचे प्रमाण १.८२ टक्क्यांपर्यंत उतरले आणि भागधारकांच्या निधीवरील परतावा १९.८७ टक्के झाला. अर्थविषयक वृत्तपत्रांनी या आकड्यांचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविकही होते. तथापि वार्षिक अहवाल हा केवळ आकड्यांचा संग्रह नसतो. तो एक लिखित संहिता असतो. कोणाला कर्ता मानायचे, कोणाला साधन मानायचे, कोणती गोष्ट मिळकत म्हणायची आणि कोणती खर्च, याविषयीचे निर्णय त्या संहितेत आधीच झालेले असतात. साहित्यकृतीच्या समीक्षेत निवेदकाची भूमिका तपासली जाते, तशी ती अहवालाच्या बाबतीतही तपासली पाहिजे.

या तपासणीसाठी मुंबईच्या नरिमन पॉइंटवरील मुख्यालयापेक्षा धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव अधिक उपयुक्त ठरते. तेरणा नदीच्या काठावरील हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेले मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. तेथून साधे कापड आणि मलमल मोठ्या प्रमाणात भडोच बंदराकडे जात असे. रोमन जगाशी असलेल्या या संबंधाच्या खुणा गावातील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात आजही पाहावयास मिळतात. एकेकाळी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नकाशावर स्वतःच्या नावाने असलेले हे ठिकाण स्टेट बँकेच्या लेखापरीक्षित हिशेबात कोठे येते? हिशेबातील विभागवार माहितीत भूगोलाचे दोनच विभाग आहेत : देशांतर्गत व्यवहार आणि परदेशातील व्यवहार. तेर अर्थातच पहिल्यात. ग्रामीण शाखा, जनधन खाती, कृषी कर्जे यांची माहिती अहवालाच्या वर्णनात्मक भागात असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु तो भाग छायाचित्रांचा आणि गौरवाचा असतो, हिशेबाचा नव्हे.

खर्च आणि परतावा

नफा-तोटा पत्रकाची शब्दरचना पाहिली तर मूळ मुद्दा स्पष्ट होतो. २०२४-२५ मध्ये बँकेला व्याजापोटी सुमारे ४ लाख ६२ हजार कोटी रुपये मिळाले आणि तिने सुमारे २ लाख ९५ हजार कोटी रुपये व्याज दिले. दिलेल्या व्याजाचा फार मोठा भाग ठेवीदारांचा आहे. पत्रकात तो 'खर्च' या शीर्षाखाली येतो. भागधारकास दिलेला लाभांश मात्र 'विनियोग' या शीर्षाखाली, म्हणजे नफा सिद्ध झाल्यानंतर, येतो. ठेवीदाराला जे मिळते ते जितके कमी तितकी बँकेची कामगिरी चांगली, आणि भागधारकाला जे मिळते ते जितके अधिक तितकीही कामगिरी चांगलीच. लेखाशास्त्राच्या दृष्टीने यात काही चूक नाही. जगातील प्रत्येक बँक असेच हिशेब ठेवते. पण या रचनेतून एक भाषा तयार होते. चालू आणि बचत खात्यांतील निधी (स्टेट बँकेच्या बाबतीत देशांतर्गत ठेवींच्या सुमारे ४० टक्के) हा त्या भाषेत 'स्वस्त निधी' होतो आणि बँकेचे बलस्थान म्हणून मिरवला जातो. हा निधी ज्याच्यामुळे स्वस्त झाला तो माणूस त्या वाक्यात नसतो.

२०२४-२५ मध्ये स्टेट बँकेच्या सर्वसाधारण बचत खात्यावरील व्याजदर २.७० टक्के होता; त्या वर्षीची सरासरी किरकोळ महागाई ४.६ टक्के होती. जून २०२५ मध्ये हा दर २.५० टक्क्यांवर आणण्यात आला. मुदत ठेवींवरील दर अर्थातच बरेच अधिक असतात, आणि ज्याला रक्कम अडकवून ठेवता येते त्याला त्यांचा लाभ मिळतो. सोयाबीनचे पैसे हाती आल्यापासून पुढच्या पेरणीपर्यंत जे खात्यावर ठेवावे लागतात, त्या पैशांची गोष्ट निराळी आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. भागधारक जोखीम घेतो, ठेवीदार घेत नाही. म्हणून दोघांच्या प्राप्तीची तुलना करणे अयोग्य आहे. सिद्धान्त म्हणून हा आक्षेप बिनतोड आहे. मुंबईला तर त्याचा ऐतिहासिक अनुभवही आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या पैशावर सट्टा उसळला आणि १८६५ मध्ये कोसळला. त्यात बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभारावी लागली. १९२१ मध्ये इम्पीरियल बँकेत विलीन झालेल्या तीन इलाखा बँकांपैकी एक हीच, म्हणजे स्टेट बँकेच्या वंशावळीतच भागधारकाच्या नुकसानीचे ते प्रकरण आहे. मात्र सिद्धान्त प्रत्यक्षात कसा उतरतो हे पाहण्यासाठी इतक्या मागे जाण्याची आवश्यकता नाही.

तोट्याचे वर्ष

२०१७-१८ मध्ये स्टेट बँकेस ६,५४७ कोटी रुपयांचा तोटा झाला. ढोबळ अनुत्पादित कर्जे २ लाख २३ हजार कोटी रुपयांवर, म्हणजे एकूण कर्जांच्या १०.९१ टक्क्यांवर, गेली होती. या कर्जांत पोलाद, वीज यांसारख्या क्षेत्रांतील मोठ्या उद्योगांचा वाटा ठळक होता. भागधारकांना त्या वर्षी लाभांश मिळाला नाही, पुढच्या वर्षी मिळाला नाही आणि २०१९-२० साठी तर रिझर्व्ह बँकेनेच महामारीमुळे सर्व बँकांना लाभांश देण्यास मनाई केली. म्हणजे जोखीम भागधारकाने सोसली, असे प्रथमदर्शनी म्हणता येईल. सरकारनेही त्या वर्षी ८,८०० कोटी रुपयांचे भांडवल घातले.

परंतु त्याच वर्षाच्या हिशेबात आणखी एक नोंद आहे. एप्रिल २०१७ पासून बँकेने बचत खात्यात किमान शिल्लक न ठेवणाऱ्यांकडून पुन्हा दंड आकारण्यास सुरुवात केली. अर्थ मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या दंडापोटी १,७७१ कोटी रुपये जमा झाले. जुलै ते सप्टेंबर २०१७ या तिमाहीतील बँकेचा निव्वळ नफा १,५८२ कोटी रुपये होता. ग्रामीण शाखेत किमान शिल्लक हजार रुपये होती. ज्याच्या खात्यावर महिनाभर सरासरी हजार रुपयेही टिकत नाहीत, अशा माणसाकडून ही रक्कम गोळा झाली, आणि ती 'अन्य उत्पन्न' या शीर्षाखाली विरून गेली. जनधन व मूलभूत बचत खाती या दंडातून वगळलेली होती. टीका झाल्यावर एप्रिल २०१८ पासून दंडाची रक्कम बरीच कमी करण्यात आली आणि मार्च २०२० मध्ये तो पूर्णपणे रद्द झाला. बँकेने चूक दुरुस्त केली, हे तिच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. पण जोखीम न घेणाऱ्या ठेवीदाराने जोखमीचे वर्ष पार पाडण्यास हातभार लावला, आणि त्याबद्दल त्याला कोणताही परतावा नव्हता, ही गोष्ट दुरुस्तीने पुसली जात नाही. जोखीम आणि परतावा यांच्या सिद्धान्ताला येथे तडा जातो.

लाभांशाचा मूळ हेतू

स्टेट बँकेच्या बाबतीत ही चर्चा अधिक गंभीर होते, कारण ही बँक भागधारकाच्या परताव्यासाठी निर्माणच झाली नव्हती. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीच्या समितीने १९५४ मध्ये अहवाल सादर केला. ए. डी. गोरवाला अध्यक्ष होते आणि सदस्यांत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात संस्थात्मक पतपुरवठ्याचा वाटा अत्यल्प असून सावकाराचा वाटा प्रचंड आहे, हे या पाहणीने आकड्यांनिशी दाखविले. इम्पीरियल बँक सरकारी नियंत्रणाखाली आणून तिच्या शाखा ग्रामीण भागात नेण्याची शिफारस तेथून आली. १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक अस्तित्वात आली. पाच वर्षांत चारशे शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर होते आणि तिने ते मुदतीत पाळले.

नव्या शाखा तोट्यात जाणार, हे उघड होते. तो तोटा कोणी सोसायचा? स्टेट बँक कायद्याच्या ३६ व्या कलमाने याचे उत्तर दिले. 'एकात्मता व विकास निधी' नावाचा निधी निर्माण करण्यात आला. रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या भागांपैकी एकूण भागभांडवलाच्या ५५ टक्क्यांपर्यंतच्या भागांवरील लाभांश तिच्याकडे न जाता या निधीत जमा होणार होता, आणि नव्या शाखांचा ठरावीक मर्यादेपलीकडील तोटा त्यातून भरून काढला जाणार होता. पुढे दुय्यम बँकांना द्यावयाच्या साहाय्याचीही सोय या कलमात झाली. मालकाचा परतावा ग्रामीण शाखेकडे वळविणारी ही तरतूद भारतीय बँकिंगच्या इतिहासातील अत्यंत मौलिक कल्पना आहे. तिची चर्चा आज जवळजवळ होत नाही, याचे आश्चर्य वाटते.

मराठवाड्याचा या व्यवस्थेशी थेट संबंध आहे. निजामाच्या राज्यात १९४१ मध्ये हैदराबाद स्टेट बँक स्थापन झाली. उस्मानिया सिक्क्याचे व्यवस्थापन तिच्याकडे होते. १९५६ मध्ये ती रिझर्व्ह बँकेकडे आली, स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १९५९ मध्ये स्टेट बँकेची दुय्यम बँक बनली. मराठवाड्याच्या कित्येक पिढ्यांसाठी 'बँक' या शब्दाचा अर्थ हीच बँक होता. १ एप्रिल २०१७ रोजी ती स्टेट बँकेत विलीन झाली. बिकानेर-जयपूर, म्हैसूर आणि त्रावणकोर या दुय्यम बँकांच्या खासगी भागधारकांसाठी समभागांच्या अदलाबदलीचे प्रमाण ठरविण्यात आले. हैदराबादचे संपूर्ण भांडवल स्टेट बँकेकडेच असल्यामुळे तेथे असे प्रमाण ठरविण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ज्या प्रदेशाच्या ठेवींवर ती बँक उभी होती, त्या प्रदेशाला विलीनीकरणाच्या हिशेबात स्थान मिळण्याचा मार्गच कायद्यात नव्हता.

२००७ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपला हिस्सा ३५,५३१ कोटी रुपयांना केंद्र सरकारला विकला. २०२४-२५ च्या लाभांशापैकी ८,०७६.८४ कोटी रुपये केंद्र सरकारला मिळाले आणि ते सर्वसाधारण महसुलाचा भाग झाले. त्यातून ग्रामीण विकासावर खर्च होत नाही, असे म्हणता येणार नाही. पण १९५५ मध्ये लाभांश आणि तोट्यातील शाखा यांना जोडणारा जो सरळ धागा होता, तो आता दिसत नाही.

अन्य देशांतील प्रथा

स्टेट बँकेचा संयम मात्र दुर्लक्षून चालणार नाही. तिने २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षी नफ्याचा सुमारे २० टक्के भागच लाभांश म्हणून वाटला. उरलेला भांडवलात राहिला. एचएसबीसी या लंडनस्थित बँकसमूहाने २०२४ मध्ये करोत्तर २५ अब्ज डॉलर नफा मिळविला आणि त्या वर्षासाठी लाभांश व समभागांची पुनर्खरेदी मिळून २६.९ अब्ज डॉलर भागधारकांना परत केले. कॅनडातील व्यवसायाच्या विक्रीतून आलेला विशेष लाभांश त्यात समाविष्ट असल्यामुळे हा आकडा फुगला आहे, हे खरे. तरीही दोन वृत्तींतील अंतर लपत नाही. या समूहाने १९५९ मध्ये घेतलेल्या मर्कंटाइल बँकेचा जन्म १८५३ मध्ये मुंबईतच झाला होता. २०२० च्या वसंतात ब्रिटिश नियामकाच्या सूचनेवरून एचएसबीसीने लाभांश रद्द केला, तेव्हा हाँगकाँगमधील छोट्या भागधारकांनी मोठा विरोध केला होता.

अक्षयनीवी

परताव्याची नोंद कशी ठेवावी, याचा एक जुना दाखला महाराष्ट्रातच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भिक्षुसंघासाठी त्याने ३,००० कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून, म्हणजे मुद्दल कधीही परत न घेण्याच्या अटीवर, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असा व्याजदर होता. वर्षाला बारा आणि नऊ टक्के. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळणार होते. गुणाकार बरोबर जुळतो. तगरचे कापड भडोचला जात होते, साधारण त्याच शतकांतील ही घटना आहे. त्या काळचे दर आजच्या दरांशी ताडून पाहणे अनैतिहासिक ठरेल. श्रेणी ही बँक नव्हती आणि उषवदात हा सामान्य ठेवीदार नव्हता.

लेखाची रचना मात्र पाहण्यासारखी आहे. त्यात रक्कम आहे, ती कोणाकडे ठेवली ते आहे, दर आहे, लाभ कोणाला आणि कशासाठी ते आहे, आणि हे सर्व निगमसभेत ऐकविले जाऊन फलकावर नोंदविल्याचाही उल्लेख आहे. पैसा आणि ठिकाण यांची ताटातूट त्यात झालेली नाही. आजच्या अहवालात असे करणे अवघड आहे, असे म्हणता येत नाही. कोणत्या जिल्ह्यात बँकांच्या ठेवी किती आणि कर्जे किती, ही आकडेवारी रिझर्व्ह बँक नियमितपणे प्रसिद्ध करते. प्रत्येक बँकेकडे स्वतःची शाखावार माहिती असतेच. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत २०१८ पासून ज्याचे नाव आहे, त्या धाराशिवसारख्या जिल्ह्यातून बँकेने किती ठेवी घेतल्या, त्यावर किती व्याज दिले आणि तेथेच किती कर्ज वाटले, याचे एक परिशिष्ट लाभांशाच्या पानाशेजारी देणे शक्य आहे. त्यासाठी भागधारकांच्या परताव्यातील एक पैसाही कमी करावा लागणार नाही.