पाच कारणांचा एक संदेश

जुन्नर तालुक्यात खोडद येथे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण जिथून चालवली जाते तेथे, निरीक्षणांवर संस्कार करणारे संगणक लिनक्सवर चालतात. विज्ञान दिनाला तेथे भरणाऱ्या प्रदर्शनात जुन्नर-आंबेगावची शाळकरी मुलेही आपले प्रकल्प मांडतात. या भागातील शिक्षकांना लिनक्स अगदीच परके नाही. मात्र शाळेत ते वापरू लागले की पहिली अडचण येते ती पेनड्राइव्हची. डिस्क उघडत नाही आणि पडद्यावर संदेश येतो. त्याचा मराठी आशय असा: फाइल-व्यवस्थेचा प्रकार चुकीचा, किंवा पर्याय चुकीचा, किंवा सुपरब्लॉक खराब, किंवा कोडपेज वा साहाय्यक प्रोग्राम गहाळ, किंवा अन्य काही चूक.

हे निदान नव्हे. पोटदुखीच्या रोग्याला ‘अजीर्ण, अपेंडिक्स, मुतखडा किंवा आणखी काही’ असे सांगून घरी पाठवण्यासारखे आहे. कारण तांत्रिक आहे: डिस्क जोडणाऱ्या प्रोग्रामला लिनक्सच्या गाभ्याकडून पुष्कळदा केवळ एक चूक-क्रमांक मिळतो आणि अनेक दोषांसाठी क्रमांक तोच असतो. खरी हकिकत गाभ्याच्या नोंदवहीत लिहिलेली असते. अलीकडच्या आवृत्त्या ‘तेथे पाहा’ एवढी पुस्ती जोडतात. ती अपुरी आहे, असे आमचे मत आहे. दरम्यान ‘सुपरब्लॉक खराब’ वाचून घाबरलेला माणूस कोणीतरी दिलेला सल्ला ऐकतो आणि डिस्क फॉरमॅट करतो. मुलांनी पावसाळाभर घेतलेल्या पर्जन्यमापकाच्या नोंदी त्यातच जातात.

वास्तविक डिस्क बहुधा धडधाकट असते. ती जोडलेल्या डिस्कांच्या यादीत दिसते का, हे आधी पाहावे. दिसत नसेल तर केबल वा खाच तपासावी. दिसते पण उघडत नाही, तर तिची फाइल-व्यवस्था कोणती ते पाहावे. एक्सफॅटचा पक्का आधार लिनक्सच्या गाभ्यात ५.७ या आवृत्तीत, म्हणजे २०२० साली आला. त्याआधीची यंत्रणा असलेल्या जुन्या संगणकाला वेगळा प्रोग्राम लागतो.

डिस्क उघडते पण लिहू देत नाही, तेव्हा मात्र लिनक्सला दोष देण्याची घाई करू नये. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘जलद सुरुवात’ ही सोय आहे. तीत संगणक बंद केल्यासारखा दिसला तरी यंत्रणेचा काही भाग गोठवून ठेवला जातो. त्या वेळी जोडलेल्या एनटीएफएस डिस्कवर काम अर्धवट असल्याची खूण राहू शकते. अशा डिस्कवर लिहायला लिनक्स नकार देते आणि ते योग्यच आहे. ती पुन्हा विंडोजला जोडून रीतसर काढावी. येथे ‘सर्वांना सर्व परवानग्या द्या’ हा सर्रास मिळणारा उपाय निरुपयोगी आहे. फॅट डिस्कवर तर फाइलचा मालक लिहिण्याची जागाच नसते. परवानग्या जोडतानाच ठरतात. लिनक्सच्या स्वतःच्या एक्स्ट४ व्यवस्थेत मालक नावाने नव्हे, क्रमांकाने लिहिला जातो. घरचा १००० क्रमांक शाळेत दुसऱ्याच कोणाचा असू शकतो.

आमची खरी तक्रार वेगळी आहे. नकलेची पट्टी शंभर टक्के भरते, तेव्हा मजकूर पुष्कळदा अजून स्मरणातच असतो. गाभा तो सवडीने, नेहमीच्या मांडणीत सुमारे ३० सेकंदांनी, डिस्ककडे पाठवू लागतो. पेनड्राइव्ह मंद असेल तर त्यापुढेही मिनिटे जातात. पट्टीवर विसंबून मुलगा तो उपसतो आणि दुसऱ्या दिवशी फाइल शून्य बाइटची निघते. दोष मुलाचा नाही. काम झाले असे यंत्राने सांगितले, ते खोटे होते. हे दुरुस्त होईपर्यंत ‘बाहेर काढा’ हे बटन दाबून, परवानगी मिळेपर्यंत थांबणे भाग आहे. डिस्क व्यस्त असल्याचे उत्तर आले तर बहुधा तिच्यावरची एखादी फाइल किंवा खिडकी उघडी असते. ती बंद करावी. आणि बिघडलेल्या डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालवण्यापूर्वी ती केवळ वाचण्यापुरती जोडून नोंदींची नक्कल आधी काढून घ्यावी.