शाकद्वीपाचा पाऊस

भीष्मपर्वाच्या आरंभीचे भूगोलवर्णन वाचक बहुधा ओलांडून जातो. पुढे भगवद्गीता उभी असल्यामुळे त्याची घाई समजण्यासारखी आहे. जे थांबतात त्यांपैकी काही सप्तद्वीपांची कल्पना हास्यास्पद ठरवून मोकळे होतात. काही शाकद्वीप नकाशावर शोधू लागतात आणि शकांच्या मध्य आशियापर्यंत जाऊन पोहोचतात. हा देश काव्यात कशासाठी आला, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

प्रसंग ध्यानात घ्यावा. व्यासांनी संजयास दिव्यदृष्टी दिली आहे. युद्ध अटळ आहे. ज्या भूमीपायी राजे परस्परांचे प्राण घ्यावयास सिद्ध झाले, तिच्यात असे आहे तरी काय, हे अंध धृतराष्ट्राला जाणून घ्यावयाचे आहे. त्या ओघात जंबुद्वीपाच्या दुप्पट विस्ताराचे शाकद्वीप येते. (विष्णुपुराणाच्या हिशेबाने ते बत्तीसपट व्हावे, पण त्या गणितात शिरण्याचे हे स्थळ नव्हे.) पूर्वेकडे पसरलेल्या मलयपर्वतावर मेघ उत्पन्न होतात व तेथून सर्व दिशांस जातात. त्यापुढे जलधार पर्वत. इंद्र तेथून नित्य उत्तम जल घेतो आणि वर्षाकाळी त्याचाच पाऊस होतो. केसरी पर्वतावरून येणारा वारा सुगंधी असतो. म्हणजे ‘हवा रम्य होती’ एवढे म्हणून कवी थांबलेला नाही. मेघांचे उगमस्थान, पाण्याचा साठा, वाऱ्याचा गंध या सर्वांची त्याने संगती लावली आहे. श्यामगिरीमुळे तेथील प्रजा श्यामवर्ण झाली असे संजय सांगतो, तेव्हा धृतराष्ट्र त्याला मध्येच अडवून शंका विचारतो. कल्पित देशाला असा चौकस श्रोता लाभणे हे भाग्यच म्हणावयाचे.

आमचे किरनापूर समुद्रापासून फार दूर, वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाच्या मुलखात. पाऊस लांबला की रोवणी खोळंबते. वर्गात हा भाग सांगत असता एका मुलाने विचारले, “गुरुजी, मग आपल्या बांधीतला पाऊसही तिथलाच काय?” तो पाऊस नेमका कोणाच्या भूमीवर पडतो हे संजयाने सांगितलेले नाही. माझ्या मते त्या मुलाने काव्य बरोबर वाचले.

या द्वीपात दुर्भिक्ष नाही, राजा नाही, दंड नाही आणि दंड करणाराही नाही. लोक स्वधर्मानेच परस्परांचे रक्षण करतात. येथे थॉमस मोरच्या ‘युटोपिया’ची (१५१६) आठवण होणे अपरिहार्य आहे. मोरने आपल्या बेटास हवा फारशी निरोगी दिली नाही व जमीनही फारशी सुपीक दिली नाही. मिताहाराने आणि कष्टाने लोक त्यांवर मात करतात. समाजरचनेची कसोटी म्हणून मोरचे बेट मला अधिक कठोर, म्हणून अधिक विश्वसनीय वाटते. जेथे पाऊस कधी चुकत नाही, तेथे राजावाचून चालले यात प्रजेची परीक्षा ती कोणती? परंतु मोरचे बेट स्वतःपुरतेच राहते. जलधाराचे पाणी ढगांबरोबर बाहेर पडते, आणि ते राजे व दंड असलेल्या भूमीवरही पडत असावे ही शंका मनातून जात नाही. काव्य म्हणून संजयाचा देश मोठा ठरतो तो येथे.

भूमिवर्णन संपते आणि रणांगणातून आलेला संजय भीष्म पडल्याची वार्ता सांगतो. शाकद्वीपातील लोकांच्या वर्णाविषयी धृतराष्ट्राने शंका विचारली होती. तेथे राजा नाही, हे ऐकून मात्र त्याने काहीच विचारले नाही.