'अतिरिक्त' ही संज्ञा आणि वऱ्हाडचा बाजार

इंग्रजीतील आधिक्यवाचक शब्द कोशांत परस्परांचे पर्याय म्हणून येत असले, तरी त्यांच्या मुळाशी असलेली चित्रे भिन्न आहेत. गरज भागून जे वर उरते ते सरप्लस. गिळणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आलेला ग्लट हा शब्द बाजाराचा घसा दाटल्याचे सांगतो. सर्फीट या शब्दाने उपभोगणाऱ्यास आलेला वीट सूचित होतो. सुपरफ्लुइटीत काठावरून वाहून जाण्याची कल्पना आहे. जास्त झाले ते कोणाच्या दृष्टीने, हे यांतील प्रत्येक शब्द थोडेबहुत सांगून जातो.

मराठीतील शासकीय व वृत्तपत्रीय परिभाषेने मात्र या बहुतेकांचा भार 'अतिरिक्त' या एकाच संज्ञेवर टाकला आहे. 'अतिरिक्त जिल्हाधिकारी' म्हणजे आणखी एक अधिकारी. 'अतिरिक्त शिक्षक' म्हणजे गरजेहून जास्त ठरलेला. पहिल्यात भर आहे, दुसऱ्यात नकार आहे. १९६१ च्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यातील 'अतिरिक्त जमीन' हा प्रयोग निर्दोष होय. कारण तेथे मर्यादा कायद्यानेच आखून दिली आहे. परंतु 'अतिरिक्त कापूस' किंवा 'संत्र्याचे अतिरिक्त उत्पादन' असे म्हणताना ही मर्यादा कोणी आखली, हा प्रश्न अनुत्तरित राहतो आणि दोष नकळत पिकविणाऱ्याच्या पदरी पडतो.

वऱ्हाडचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तेथील कापूस इंग्लंडला अडला आणि येथल्या कापसाला अपूर्व भाव आला. युद्ध संपून अमेरिकेचा माल परतताच भाव कोसळले. कापूस किती पिकला हे अकोला-अमरावतीकडे ठरत होते. तो जास्त झाला की नाही, हे लिव्हरपुलात ठरत होते. वरुड-मोर्शीकडील संत्र्याची गोष्ट याहून बिकट. कापसाच्या गाठी काही काळ थांबू शकतात. आंबिया बहाराचे फळ एकदम उतरले, की त्याला थांबता येत नाही.

मराठी बोलीने हा भेद कधीच ओळखला आहे. 'आवक वाढली', 'भाव पडले', 'माल तुंबला' या प्रयोगांत पिकाला बोल नाही. विशेषतः 'तुंबणे' हे क्रियापद अर्थगर्भ आहे. पाणी तुंबते ते वाट अडल्यामुळे. नुसते पुष्कळ आहे म्हणून नव्हे. एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटणे' या प्रयोगात जमिनीतील धान्यकोठाराची आठवण असून त्यात नापसंती आहे. 'रेलचेल' या शब्दात ती नाही. इंग्रजीत जे नामांनी साधले, ते मराठीने पुष्कळदा क्रियापदांनी साधले आहे. आणि परिभाषाकारांची दृष्टी नामांवरच खिळल्याने ही संपत्ती त्यांच्या हाती लागली नाही.

पारिभाषिक संज्ञा संस्कृतोद्भव असावी, म्हणजे तिच्यापासून समास व साधित शब्द सुलभतेने बनतात, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो सर्वस्वी खरा नाही. 'वरकड मूल्य' ही संज्ञा मराठी अर्थविचारात रुळली आहे, आणि 'वाढावा' हा शब्द जमाखर्चाच्या लेखनात वावरतो. तेव्हा उत्पादकाच्या गरजेहून उरलेल्यास 'वरकड', हिशेबातील शिल्लकेस 'वाढावा', ग्राहकाअभावी अडलेल्या मालास 'तुंबलेला माल', आणि ज्याची मर्यादा नियमाने ठरविली आहे त्यासच 'अतिरिक्त', अशी वाटणी करणे अशक्य नाही.

हा केवळ शब्दशुद्धीचा प्रश्न नव्हे. उत्पादन 'अतिरिक्त' म्हटले, की उपाय कमी पिकविण्याचा सुचतो. माल 'तुंबला' म्हटले, की साठवण, वाहतूक आणि प्रक्रिया यांची वाट मोकळी करण्याचा. संज्ञा निवडतानाच निदानाची निवड होऊन जाते, याचे भान परिभाषाकाराने राखावयास हवे.